तोच आणायचा, तोच हाकलायचा

शहरातल्या बसड्रायव्हरांमध्ये सगळ्यात सभ्य कोण, असं कुणालाही विचारलं असतं तर बोट एकाच माणसाकडे गेलं असतं. कुणी म्हातारं माणूस चढणार असेल तर तो बस फुटपाथला अशी चिकटवायचा की पायरी आणि कडा यांच्यात नखही शिरू नये. आरशात कुणी धावत येताना दिसलं की थांबायचा, आणि धावणारा धापा टाकत आत आला की म्हणायचा, "बसा आधी, श्वास घ्या, मग निघू." एकदा एक प्रवासी उलट्या दिशेच्या बसमध्ये बसला आणि चूक कळल्यावर अख्ख्या रस्ताभर यालाच शिव्या देत राहिला. तो उतरताना याने त्याला समोरचा थांबा दाखवला आणि वर "दिवस चांगला जावो" म्हणाला. डेपोतले लोक त्याला 'लोणी' म्हणायचे. पंचेचाळिशीचा, पोट जरा पुढे, केस बरेच मागे, आणि शर्टाची इस्त्री अशी की घडीवर भाजी चिरावी.

आणि हेच लोणी सकाळी समुद्रात पडलं की उकळायचं.

धक्क्याच्या टोकाला, खडकांच्या अलीकडे, लाट नीट फुटायची अशी एकच जागा होती. बाकी किनारा लांबच लांब, पण तिथली लाट म्हणजे कपाट अंगावर पडावं तशी धपकन कोसळायची. तिच्यावर उभं राहणं सोडाच, तिच्याखालून जिवंत निघालं तरी पुष्कळ. धक्क्याजवळची लाट मात्र शहाण्यासारखी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलगडत जायची. अडचण एवढीच की जागा न्हाणीघराएवढी. सात-आठ जण सर्फिंगच्या फळ्यांवर बसले की आठव्याचा पाय सातव्याच्या कुशीत.

या न्हाणीघराचे मालक होते. कागदोपत्री नव्हे, मनातल्या मनात. ते स्वतःला 'आतले' म्हणवून घ्यायचे. त्यांत एक दातांचा डॉक्टर होता, एक खाटीक होता, आणि ड्रायव्हरचा सख्खा मेहुणा होता, ज्याला सगळे वायरमन म्हणायचे, कारण तो लोकांच्या घरातल्या तारा ओढायचा. उरलेली सगळी मानवजात म्हणजे 'पाहुणे'. हा शब्द ते अशा सुरात उच्चारायचे की यांच्या घरी पाहुणे जात तरी कसे, असा प्रश्न पडावा.

पाहुण्यांना पळवायचं काम वाटून घेतलेलं होतं. दातांचा डॉक्टर नुसता बघायचा. त्याच्या बघण्याने भल्याभल्यांची दाढ दुखायला लागायची. वायरमन मुद्दाम आडवा यायचा. ड्रायव्हरकडे आवाजाचं खातं होतं. दिवसभर विनाकारण हॉर्न वाजवायचा नाही असा डेपोचा नियम. त्यामुळे न वाजलेले सगळे हॉर्न तो पाण्यात वाजवून घ्यायचा. "ए गाढवा! मागे बघ!" "ए, कुठे घुसतोस? तुझ्या बापाचा समुद्र आहे का?" एकदा एकाने उलट विचारलं, "तुमच्या बापाचा आहे का?" ड्रायव्हरचा बाप छत्र्यांच्या दुकानात होता आणि त्याने उभ्या आयुष्यात घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. शेवटी त्या माणसाच्या गाडीच्या पुढच्या काचेवर, पाय घसरू नये म्हणून फळीला लावतात ते मेण फासून वायरमनने परस्पर उत्तर दिलं.

ड्रायव्हरला किनाऱ्यावर पाहुण्यांपैकी कुणी ओळखत नसे, याला एक कारण होतं. त्याचं नाक उन्हाने एकदा असं सोललं होतं की बायकोने धसका घेतला. तेव्हापासून तो कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरं मलम थापूनच पाण्यात जायचा. अंगात रबरी सूट, डोक्यावर त्याचीच टोपी. दिसायचे ते फक्त दोन डोळे आणि एक उघडं तोंड.

असं सगळं सुखात चाललेलं असताना बसच्या साहेबांनी एक मार्ग किनाऱ्यापर्यंत वाढवला. नुसता वाढवला नाही, तर फळ्या ठेवायला बसच्या मागच्या बाजूला जाळीही बसवली. आणि सभ्य ड्रायव्हर कोण, तर हा; म्हणून दुपारची पाळी याच्याच गळ्यात पडली. सकाळी तो पाहुण्यांना ओरडून ओरडून पळवायचा, घरी जाऊन अंघोळ करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, आणि दुपारी पहिल्याच फेरीला त्याच ओल्या पाहुण्यांना किनाऱ्यावरून उचलून "सावकाश, पायरी ओली आहे" म्हणत शहरात सोडायचा. परतताना संध्याकाळच्या लाटांसाठी नवे पाहुणे भरून आणायचा.

"म्हणजे तुम्हीच आणायचं, तुम्हीच हाकलायचं," बायको म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. "दोन पाळ्यांचा पगार मागा की."

"थट्टा नको करूस."

"थट्टा कुठे? लोकांना पोटासाठी एक धंदा पुरत नाही, तुम्ही स्वतःला पुरेल एवढं काम स्वतःच तयार करताय."

याच मार्गावर त्याला ती बाई भेटली.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर तिने सगळी नोकरी काढली होती. नळाला पाणी नाही, आहे ते गढूळ आहे, बिल दुप्पट आलं, अशा कारणांसाठी शहरातला प्रत्येक माणूस तिच्यावर एकदा तरी ओरडून गेलेला. निवृत्त झाली तेव्हा तिची कंबर खुर्चीच्या आकाराची झाली होती. डॉक्टरने पोहायला सांगितलं. तलावात तळाच्या फरशा बघून बघून ती कंटाळली आणि एके दिवशी जाऊन तिने एक फळी विकत घेतली. लांब, जाड, मऊ, फिकट निळी. समुद्रात ती फळी एखाद्याने न्हाणीघरातून टब उचलून आणावा तशी दिसायची.

त्या सकाळी ड्रायव्हर चांगली लाट पकडून उभा राहिला आणि बघतो तर समोर निळा टब, आणि टबात पालथी पडलेली एक साठीची बाई, जी हातांनी पाणी मारतेय पण पुढे जात नाहीये.

"ए बाथटब!" त्याचा आवाज धक्क्यावर आपटून परत आला. "हो बाजूला! किनाऱ्यावर जाऊन वाळूचे किल्ले कर!"

ती बाजूला झाली नाही, कारण तिला होता येईना. ड्रायव्हरलाच लाट सोडावी लागली. त्यावर त्याने आणखी जे काही ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. आतले खूश झाले. खाटकाने तर फळीवर थाप मारली.

दुपारी पहिल्या फेरीला तीच बाई बसमध्ये चढली. फळी जाळीत अडकवून, ओले केस पंचाने पुसत ती थेट त्याच्या मागच्या सीटवर येऊन बसली.

"ड्रायव्हरसाहेब, एक विचारू? इथे जवळपास वेड्यांचं इस्पितळ आहे का हो?"

"नाही. का?"

"मग तो सुटून आला कुठून? एक पांढऱ्या तोंडाचा माणूस आहे पाण्यात. चुन्याच्या डब्यात डोकं घालून आल्यासारखा. काय ओरडला माझ्यावर! अहो, तीस वर्षं लोकांचं ओरडणं ऐकलंय मी, पण तिथे मध्ये काच असायची."

ड्रायव्हर पुढचा थांबा विसरला. पुढच्या थांब्यावरचे लोक हात हलवत मागे पडले तेव्हा त्याने करकचून ब्रेक दाबला आणि तो त्यांची माफी मागत बसला.

बाई रोज यायची, रोज त्याच सीटवर बसायची आणि रोज सकाळचा वृत्तांत द्यायची. चुनेवाला आज असं म्हणाला, चुनेवाल्याने आज तसं केलं. एकदा तिने विचारलं, "या माणसाला बायको असेल का हो?"

"असेल."

"बिचारी," बाई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

शेवटी एक दिवस ती म्हणाली, "तुम्ही तर रोज या लोकांची ने-आण करता. तुम्हीच सांगा, असल्या माणसाशी वागायचं कसं?"

आता इथे त्याने 'मला काय माहीत' म्हणून सुटायला हवं होतं. पण प्रवाशाने प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, ही त्याची हाडीमाशी खिळलेली सवय. शिवाय या विषयात त्याच्याइतका जाणकार दुसरा कोण होता?

आधी त्याने मतलबाचा सल्ला दिला. "दुसऱ्या किनाऱ्यावर जा ना."

"तिथे कपाट अंगावर पडतं."

हे खरंच होतं. मग तो हळूहळू खरं बोलायला लागला. गेल्या गेल्या पाण्यात घुसू नका, म्हणाला. आधी वाळूवर बसून बघा, कोण कुठे बसतो, कुणानंतर कुणाची पाळी. मधोमध जाऊ नका, कडेला बसा, उरलेल्या लाटा घ्या. जो फुटणाऱ्या टोकाच्या सगळ्यात जवळ, लाट त्याची. त्यात घुसायचं नाही. चुकलात तर हात वर करून माफी मागा, पण एकदाच. दहादा मागितली की लोक आणखी चिडतात. आणि पाण्यात वाद घालायचा नाही. काय बोलायचं ते वाळूवर येऊन.

"आणि तो चुनेवाला?"

ड्रायव्हरने आरशात बघितलं. "त्याला... गुड मॉर्निंग म्हणा."

"तो फाडून खाईल मला."

"नाही खाणार. असल्या माणसांना कुणी गुड मॉर्निंग म्हणत नाही. त्याला काय करावं तेच कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओरडायला तोंड उघडणार तोच कडेला बसलेल्या बाथटबातून आवाज आला, "गुड मॉर्निंग!" आणि खरोखरच त्याला काय करावं ते कळेना. तोंड उघडलं होतं, ते तसंच किती वेळ ठेवणार? शेवटी त्यातून "हुं" बाहेर पडलं.

दुपारी बाई बसमध्ये चढली तीच हसत. "अहो, तो 'हुं' म्हणाला!"

"हुं म्हणजे चांगलं आहे," ड्रायव्हर म्हणाला. वर आणखी, "असंच चालू ठेवा."

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं तेव्हा तिला इतकं हसू आलं की ती भिंतीला टेकून खाली बसली. "म्हणजे तुम्हाला माणसात आणायचं कसं, हे तुम्हीच तिला शिकवताय? मला का नाही शिकवलंत? इतकी वर्षं मी आपली अंदाजाने चालवतेय."

"आता सांगू कसं तिला?"

"तोंड धुऊन जा. आपोआप कळेल."

तोंड धुऊन जायचं काही त्याला जमलं नाही. रोज वाटायचं, आज सांगू, आणि रोज बाई मागच्या सीटवरून असं काही विश्वासाने बोलायची की सांगणं उद्यावर जायचं. तिची मुलगी परगावी होती आणि फोनवर "आई, तुझं वय काय, तू करतेस काय" एवढं एकच वाक्य बोलायची. हेही ड्रायव्हरला माहीत झालं. कंबर आता दुखत नाही, हेही. पहिल्यांदा गुडघ्यांवर उठता आलं त्या दिवशी तिने ती बातमी सगळ्यात आधी त्यालाच सांगितली. म्हणजे खरं तर त्याने ते पाण्यात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, पण तरी त्याला नव्याने ऐकल्यासारखं "अरे वा!" म्हणावं लागलं.

इकडे आतले बघत होतेच. "दाजी," वायरमन म्हणाला, "ती बाथटब तुम्हाला गुड मॉर्निंग म्हणते आणि तुम्ही हुंकार भरता. पत्रिका छापायला टाकू का?" खाटीक फिदीफिदी हसला. दातांचा डॉक्टर नुसता बघत राहिला. ड्रायव्हरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मग तो रविवार आला. समुद्र फुगलेला, लाटा डोक्याएवढ्या, आणि न्हाणीघरात शहर लोटलेलं. जिकडे बघावं तिकडे फळ्या. सगळे एकमेकांवर खेकसत होते. बाई नेहमीसारखी कडेला बसली होती. आणि झालं असं की त्या गर्दीला चकवून एक लाट तिच्याच पुढ्यात उठली. फुटणाऱ्या टोकाच्या सगळ्यात जवळ ती. लाट तिची, यात काही वादच नाही. तिने हात मारले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती सरळ दोन पायांवर उभी राहिली.

"दाजी, बघा तुमची पाहुणी!" वायरमन ओरडला.

त्या एका हाकेने ड्रायव्हरच्या डोक्यात काय झालं कोण जाणे. त्याने फळी वळवली, हात मारले आणि "ए! बाजूला!" असं बोंबलत तो तिच्याच लाटेत घुसला.

बाईला उभं राहता आलं होतं, पण वळता येत नव्हतं. टब सरळ जातो. तो सरळ गेला आणि ड्रायव्हरच्या नाकावर थांबला.

फेसातून वर आला तेव्हा त्याला आपलं डोकं घंटेसारखं वाजताना ऐकू येत होतं. बाई पोहत त्याच्याजवळ आली. सगळा राग विसरून तिने लहान पोराची धरावी तशी त्याची हनुवटी धरली. "लागलं का हो? बघू. केवढं रक्त! थांबा, हलू नका." आणि सुटाच्या बाहीने तिने त्याचं तोंड पुसलं. रक्ताबरोबर मलमही निघालं. आधी गाल, मग कपाळ, मग सगळाच चेहरा.

बाईचा हात थांबला.

"ड्रायव्हरसाहेब?"

त्याला अजून नीट दिसत नव्हतं. सवयीने जे तोंडात आलं ते तो बोलला. "बसा आधी. श्वास घ्या, मग निघू."

बाईने फळी ओढून घेतली, तिच्यावर पालथी पडली आणि किनाऱ्याकडे निघून गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

बायकोने नाकावर पट्टी बघितली, सगळी हकीकत ऐकली आणि चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना विचारायची त्याच सुरात विचारलं, "आता दिसतंय का?"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये जो तो हळहळला. "अरेरे, कसं झालं?" "दारावर आपटलो," तो सांगत राहिला. सभ्य माणूस दारावर आपटला म्हटल्यावर लोकांना दाराचाच राग आला. एका म्हाताऱ्या गृहस्थाने तर अशी दारं बनवणाऱ्यांना काय करायला हवं ते सविस्तर सांगितलं. किनाऱ्यावरच्या थांब्यावर बाई चढली, कार्ड लावलं, त्याच्याकडे न बघता पार शेवटच्या सीटवर जाऊन बसली.

तक्रार कशी करायची, कुणाकडे करायची, हे त्या शहरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ड्रायव्हर रोज डेपोत शिरताना साहेबाच्या खोलीकडे चोरून बघायचा. बोलावणं काही आलं नाही. ते आलं असतं तर बरं, असं त्याला वाटायला लागलं. मागच्या सीटवरची ती गप्प बाई आरशात एवढीशी दिसायची, पण तिथून तिचं न बोलणं थेट स्टिअरिंगपर्यंत पोचायचं.

चार दिवस त्याने काढले. पाचव्या दिवशी तिचा थांबा आला तेव्हा तो जागेवरून उठला, मागे गेला, जाळीतून तिची फळी काढून दिली आणि म्हणाला, "बाई, चुकलं माझं."

"माफी एकदाच मागायची, असंच ना?"

"हो."

"मग झालं तुमचं," ती म्हणाली आणि फळी बगलेत मारून चालती झाली. बसमधल्या लोकांनी घड्याळं बघितली. तो निमूट जाऊन गाडी चालवायला लागला.

नाकामुळे त्याला पाण्यात जायची मनाई होती, तरी पुढच्या रविवारी तो गेलाच. पट्टी होती म्हणून मलम लावता येईना; उघड्या तोंडाने गेला. बघतो तर कडेला, बाईच्या नेहमीच्या जागी, घोळका. वायरमन, खाटीक आणि आणखी एक जण तिला घेरून बसले होते. पाण्यावर तळहात आपटून तिच्या तोंडावर पाणी उडवत होते. वायरमनने तिच्या पायाला बांधलेली फळीची दोरी मुठीत धरून ठेवली होती.

"नाक फोडलंस आमच्या माणसाचं," तो म्हणत होता. "आता निघायचं. परत दिसायचं नाही."

बाई जागची हलत नव्हती. चेहरा तक्रारींच्या खिडकीवर बसल्यासारखा स्थिर होता, पण फळीची कड तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. ते ड्रायव्हरला दुरून दिसलं.

तो हात मारत मध्ये घुसला. "सोड ती दोरी!"

तो आवाज सगळ्यांना पाठ होता. फक्त तो आजवर या दिशेला कधी आला नव्हता. सगळी रांग वळून बघायला लागली.

"दाजी, तुमच्यासाठीच चाललंय—"

"माझ्यासाठी काही नको! लाट तिची होती. घुसलो मी. नाक माझं, फोडून घेतलं मी. तुझ्या पोटात का दुखतंय?"

वायरमनचा चेहरा उतरला, पण मूठ सुटेना. "तुम्ही आतले का बाहेरचे, ते सांगा आधी."

"मी तुझ्या बहिणीचा नवरा आहे. दोरी सोड, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

इथे ड्रायव्हर अडला. त्याने कधी कुणाला मारलं नव्हतं. ओरडण्यापलीकडे त्याच्याकडे काही नव्हतंच. सगळे वाट बघत होते. लाट आली, सगळे वर गेले, खाली आले. मग त्याला सुचलं.

"नाहीतर तुझ्या आईला सांगेन!"

आधी खाटीक फुटला, मग बाजूचे पाहुणे, मग दातांचा डॉक्टर, ज्याचे दात त्या दिवशी लोकांनी पहिल्यांदा बघितले. वायरमन चाळिशीचा होता, बाजूला वीस माणसं होती, आणि तरी त्याची मूठ उघडली. त्याच्या आईला जे ओळखत होते त्यांना यात नवल वाटलं नाही. ती ठेंगणी होती, हळू बोलायची आणि एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायची नाही. ड्रायव्हर स्वतः तिच्यासमोर पाय लांब करून बसत नसे.

घोळका पांगल्यावर बाई म्हणाली, "पाण्यात वाद घालायचा नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

"ते पाहुण्यांसाठी."

"म्हणजे मी अजून पाहुणीच?"

तो खोटं बोलू शकला असता, पण गेल्या काही दिवसांत त्याचा खोटेपणाचा साठा संपला होता. "पाच-सहा वर्षं जाऊ द्या," तो म्हणाला.

बाई हसली नाही, पण गेलीही नाही. ती म्हणाली, "तुम्ही इथे ओरडलात त्याचं मला काही नाही. पण तिथे बसमध्ये मी बोलत होते आणि तुम्ही ऐकत होतात. निमूट. रोज. त्याचा राग आहे मला. कचेरीत लोक शिव्या द्यायचे, पण निदान तोंडावर."

यावर त्याच्याकडे सल्ला नव्हता. पाणी फळ्यांखालून चुबुक चुबुक करत राहिलं.

यानंतर सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. वायरमनने ताईकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बायकोकडे, येणं बंद केलं. ताई म्हणाली, "बरं झालं, रविवारचा निम्मा स्वयंपाक वाचला," पण रविवारी दोनदा दारापर्यंत जाऊन यायची. आतले ड्रायव्हरला पहिल्यासारखं मध्ये बसू देईनात. त्याला कडेला बसावं लागलं, तेही बाथटबाच्या पलीकडे. तो ओरडायचा थांबला असंही नाही. लाट फुटायला लागली की तोंड आपोआप उघडायचं. पण आता मलम नव्हतं. त्याऐवजी बायकोने शिवून दिलेली रुंद काठाची टोपी होती. ज्याच्यावर ओरडलो तो दुपारी आपल्याच बसमध्ये चढणार आणि आपल्याला ओळखणार, हे माहीत असलं की माणूस शब्द जरा चाळून वापरतो. 'गाढवा'चं 'अहो' झालं. "अहो! मागे बघा!" ऐकायला विचित्र वाटायचं, पण लोक मागे बघायचे.

बाई बसमध्ये बोलायला लागली ती हळूहळू. आधी हवामानावर. मग भरती-ओहोटीवर. मग एक दिवस तिने बाजूच्या प्रवाशाला पाणीबिलाबद्दल असा काही सल्ला दिला की अर्धी बस ऐकत बसली, आणि ड्रायव्हरनेही मध्येच तोंड घालून आपल्या घरच्या बिलाचं विचारून घेतलं. तिने उत्तर दिलं, पण आधी शेजारच्याचं पूर्ण करून.

मग एके दुपारी, लाटा संध्याकाळी चांगल्या होणार अशी बातमी सगळीकडे पसरलेली असताना, शहरातल्या एका थांब्यावर वायरमन उभा दिसला. त्याची तारांनी भरलेली गाडी बंद पडली होती. बगलेत फळी, चेहऱ्यावर असा भाव की मी या बसची वाट बघत नाहीच आहे, ती आपोआप माझ्यासमोर येऊन थांबली. त्याने कार्ड लावलं. ड्रायव्हर समोर बघत राहिला. जाळी भरलेली होती, पण मागच्या तीन पोरींनी आपल्या फळ्या सरकवून त्याच्या फळीला जागा करून दिली. सीट एकच रिकामी होती, ती त्या पोरींच्या मध्ये.

तो अंग चोरून बसला. शेजारच्या पोरीने त्याच्याकडे बघून प्रेमाने विचारलं, "काका, पहिल्यांदाच येताय का?"

पुढे बसलेल्या बाईने पंचा तोंडात कोंबला. ड्रायव्हरने नजर रस्त्यावर रोखली, पण त्याचे खांदे असे गदगदत होते की बसही किंचित हलली असावी. वायरमनने एकदा त्या पोरीकडे बघितलं, एकदा खिडकीबाहेर. आपण त्या लाटेवर वीस वर्षं आहोत, हे सांगायला त्याने तोंड उघडलंही. मग त्याच्या लक्षात आलं असावं की हे आपण पाहुण्यांच्या बसमध्ये बसून सांगतोय.

"हो," तो म्हणाला.

"मग घाबरू नका," पोरगी म्हणाली. "आमच्याबरोबर राहा."

किनारा आला. पोरी उतरल्या, बाई उतरली, वायरमन सगळ्यात शेवटी. पुढच्या दारापाशी येऊन तो घुटमळला. कित्येक आठवड्यांनी त्याने दाजींकडे बघितलं, आणि दाजींनी त्याच्याकडे.

"वळणावर ब्रेक जरा हळू मारत जा," तो म्हणाला. "फळ्या आपटतात मागे."

"बरं," ड्रायव्हर म्हणाला. "सावकाश उतर. पायरी ओली आहे."